अकरा टक्के

आमच्या सरांचा जंतू प्लास्टिक खातो, ही बातमी खुद्द जंतूला कळायच्या आधी जगभर झाली. पेपरात सरांचा फोटो आला. हातात काचेचा चंबू, नजर मानवजातीच्या भवितव्याकडे. चंबूत नुसतं नळाचं पाणी होतं, कारण खऱ्या चंबूला मेल्या उंदरासारखा वास मारतो. फोटोसाठी तो मीच घासून, भरून दिला होता.

मी सरांची संशोधक विद्यार्थिनी, वर्ष सहावं. प्लास्टिकच्या पातळ पिशवीचे बोटभर तुकडे कापायचे, त्यांचं वजन करायचं, जंतूंच्या पाण्यात टाकायचे, दोन महिन्यांनी काढून, धुऊन, वाळवून पुन्हा वजन करायचं. दर वेळी वजन अकरा टक्क्यांनी कमी भरायचं. शेजारी बिनजंतूंचा चंबू असायचा, त्यातल्या तुकड्याचं वजन तसूभरही हलत नसे. म्हणजे खात होता तो जंतूच.

फक्त अकरावर थांबायचा. चार महिने ठेवा, वर्षभर ठेवा, अकरा. यावर सरांचं व्याख्यान तयार असे: एन्झाइम म्हणजे जंतूने बाहेर सोडलेली कात्री. ती प्लास्टिकची लांबलचक साखळी कापते, जंतू तुकडे गिळतो, आणि काही काळाने कात्री बोथट होते. मी ताजे जंतू, म्हणजे नवी कोरी कात्री घालून पाहिली. अकरा. "पोट भरत असेल त्यांचं," सर म्हणाले. सर हसले म्हणून आम्हीही हसलो.

घरी आईने गावभर सांगून ठेवलं होतं, की पोरगी जगाचा कचरा संपवणार आहे. आत्याने विचारलं, "स्वतःच्या खोलीतला कधी संपवणार?" मधल्या काळात धाकट्या भावाचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली, आणि ती बोलायला लागून मला 'शाळेत जाणारी आत्या' म्हणायला लागली. पण आता गुरुवारी तोंडी परीक्षा होती. ती झाली की मी डॉक्टर.

सोमवारी मी परीक्षकांना दाखवायचे तुकडे कापत होते. कात्री बोटाला लागली, खरीखुरी, लोखंडाची. बोटावर आयोडीन ओतलं, त्याचा एक थेंब पिशवीच्या तुकड्यावर पडला आणि बघता बघता निळाकाळा झाला.

शाळेत बटाट्याच्या फोडीवर हा प्रयोग कोणी केलेला नाही? आयोडीन निळंकाळं झालं की तिथे स्टार्च आहे, हे पाचवीतलं पोरही सांगेल. मी जंतूंनी खाऊन टाकलेला एक तुकडा काढला आणि त्यावर थेंब टाकला. थेंब पिवळाच राहिला. म्हणजे त्यातला स्टार्च तेवढा संपला होता.

पहिल्या वर्षी प्रयोगशाळेतला शुद्ध प्लास्टिकचा रोल संपला, तेव्हा सर म्हणाले होते, "प्लास्टिक ते प्लास्टिक. खालच्या दुकानातून पिशव्या आण." मी गठ्ठाच आणला. त्यावर हिरवं पान छापलेलं होतं आणि पानाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी. ते आम्ही, तीन डॉक्टर आणि चार होऊ घातलेले, कधी वाचलं नाही. मी कारखान्याला फोन लावला.

"मॅडम, मक्याचा स्टार्च घालतो ना आम्ही त्यात," तिकडचा माणूस म्हणाला. "अकरा टक्के. छापलंय की पिशवीवर."

सहा वर्षं आम्ही जंतूला मक्याचं पीठ चारत होतो. ते कुठलाही जंतू खातो. स्टार्चच्या साखळीला जोड असतात, तिथे कात्री शिरते. पिशवीच्या पॉलिथिनला तसे जोडच नसतात, त्यामुळे उरलेले एकोणनव्वद टक्के जसेच्या तसे होते. डोंगर पोखरून आम्ही उंदीरसुद्धा काढला नव्हता.

सरांनी सगळं ऐकून घेतलं, उठून दार लावलं.

"गुरुवारी हे काढू नकोस. डिग्री घे, मग बघू."

"मग म्हणजे कधी, सर?"

"मग म्हणजे मग. शहराच्या कचऱ्यासाठी आपल्या जंतूंची टाकी बांधतायत, ठाऊक आहे ना? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मला सरांचा राग आला, पण त्याहून जास्त आला तो माझाच, कारण डिग्री मला हवी होती. तीन दिवस मी मूठ झाकूनच फिरले.

गुरुवारी बाहेरून आलेल्या परीक्षक बाई साठीच्या होत्या. प्रबंध मांडीवर ठेवून त्यांनी एकच विचारलं, "अकरावरच का थांबतो हो हा?"

"कात्री बोथट होते," सरांनी लगेच सांगून टाकलं.

"मी त्यांना विचारतेय."

"पिशवीत तेवढंच पीठ होतं," मी म्हणाले, आणि मग सगळंच सांगितलं.

बाईंनी चष्मा काढला. "तुमचा लेख छापण्याआधी तपासायला माझ्याकडेच आला होता. तेव्हाही अकरा खटकले होते मला. म्हटलं, एवढा मोठा माणूस लिहितोय, बघितलं असेल त्याने." आणि सर, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणाले, "हाच तर आमच्या पुढच्या टप्प्याचा विषय आहे."

प्रबंध परत आला. एक वर्षाची मुदत, सगळं पहिल्यापासून.

आई फोन हातात घेऊनच बसली होती. "झालीस ना डॉक्टर?"

"नाही." मी सगळं सांगितलं.

"म्हणजे खातच नाही तो?"

"नाही. आता बाटलीचं प्लास्टिक घेणार. त्याच्या साखळीत जोड असतात. दुसरा जंतू शोधला तर कदाचित कापेल."

"आणि त्यानेही नाही खाल्लं तर?"

"तर नाही खाल्लं, असं लिहीन."

आईने अगदी साधेपणाने विचारलं, "असं लिहिणाऱ्याला डिग्री देतात का गं?"

सहा वर्षांत हा प्रश्न मी कोणालाच विचारला नव्हता.