गरम चाकाची हवा

वहिनीचा नवरा गेल्यावर त्याचं चाकांवरचं घर वर्षभर अंगणात ताडपत्रीखाली पडून होतं. गाडीमागे जोडून न्यायचा ट्रेलर. आत दोन बिछाने, एक शेगडी, छोटी मोरी. वहिनीनं तो यंदा बाहेर काढला, तो नणंदेला धाकट्या दिराकडे पोचवायला.

वन्सं आयुष्यभर थोरल्या भावाकडेच राहिल्या होत्या. "आता तुम्हाला एकटीला कशाला हा व्याप, ताईला माझ्याकडे आणा," असं दीर म्हणाला. वन्संना कुणी विचारलं नाही. त्यांनी बॅगा भरल्या आणि पुढच्या सीटवर येऊन बसल्या.

सकाळी निघण्याआधी वहिनीनं ट्रेलरच्या चारही चाकांची हवा गेज लावून पाहिली. दाराजवळच्या पट्टीवर आकडा होता, तेवढीच भरली.

दुपारी झाडाखाली थांबल्यावर वहिनी जरा आडवी झाली. वन्संना रिकामं बसवेना. त्यांनी गेज उचललं आणि एकेका चाकाला लावलं. काटा पट्टीवरच्या आकड्याच्या बराच पुढे. जास्त हवेनं टायर फुटतो एवढं त्या ऐकून होत्या. त्यांनी हवा सोडली, आकड्यावर आणली, आणि खबरदारी म्हणून आणखी थोडी सोडली. मग हात धुऊन जागेवर येऊन बसल्या.

उतारावर ट्रेलर डुलायला लागला. आरशात पाहिलं तर एका चाकातून धूर. वहिनीनं गाडी हळूहळू कडेला घेतली. रबराचा जळका वास सुटला होता आणि टायरच्या बाजूला मुठीएवढा फुगा आला होता.

"वन्सं, हवा कोणी काढली?"

"मी. जास्त दाखवत होती."

"धावून तापलेलं चाक जास्तच दाखवतं हो. थंड असताना मोजायची असते. गरम असताना काढली की कमी पडते, आणि चाक आणखी तापतं."

वन्सं दगडावर बसल्या. "करायला गेले एक..."

तेवढ्यात दिराचा फोन आला. वहिनीनं स्पीकर लावून टायरचं सांगितलं.

"ताईनंच काहीतरी केलं असणार," दीर म्हणाला. "तिला कशालाही हात लावायची खोड आहे. इथे आली की एका खोलीत गप्प बसवतो."

"हवा मी काढली, भाऊजी," वहिनी म्हणाली. "आणि आम्ही येत नाही आहोत." तिनं फोन बंद केला.

"खोटं कशाला बोललीस?"

"तुम्ही खोलीत बसलात तर माझा मिक्सर कोण खोलून ठेवणार?"

वन्सं हसल्या नाहीत. उठून त्यांनी स्टेपनी ओढून काढली. नट निघेनात, तेव्हा पान्यावर उभ्या राहिल्या; वजन सगळं कामी आलं. बाकीची चाकं गार होईतो दोघी थांबल्या, मग गाडीतल्या छोट्या पंपानं हवा भरली.

"आता कुठे जायचं, तुम्ही सांगा," वहिनी म्हणाली.

वन्संनी पाना ट्रेलरमध्ये ठेवला. "तळ्याकडे. दादा नेतो नेतो म्हणायचा, राहूनच गेलं."

तळ्यावर त्या आठवडाभर राहिल्या. दोनदा कडाक्याचं भांडण झालं, एकदा खिडकी उघडी ठेवण्यावरून आणि एकदा मिठावरून. मग दोघी घरी परतल्या.