दीडशे पावलं

लिंडसेला वजनात फसवणं कुणालाच जमलेलं नाही. आम्ही फोटोवाले कोटाच्या खिशात लेन्स कोंबून त्याच्या विमानात चढायचो, म्हणून तो कोटासकट माणसालाच काट्यावर उभं करायचा.

"दीड किलो जास्त, कीथ," तो म्हणाला. "काहीतरी उतरव. नाहीतर बायकोला उतरव."

"मलाच उतरव," ग्लेनिस म्हणाली. "त्याची तोफ काही तो सोडायचा नाही."

तोफ म्हणजे माझी सहाशे मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी लेन्स. आम्ही निघालो होतो त्या मेलालूकाला हॉबर्टहून रस्ता नाही, आणि नारिंगी पोटाचे मोजके पोपट उरलेत ते तिथेच. मुठीएवढा पक्षी! तोफेशिवाय तो मिळणार कसा? उतरवायला राहता राहिली डोंगर-आभाळ टिपायची छोटी लेन्स आणि तिला लावलेला दुसरा कॅमेरा.

ग्लेनिसच्या यकृतातल्या गाठीने तिला जेमतेम एक उन्हाळा दिला होता. तिला एकच फोटो हवा होता, मुलीसाठी. डोंगरासमोर, स्वतःच्या पायांवर उभी असलेली. "पलंगावरचा नको. आजारी माणसाचे फोटो लोक कपाटात टाकतात," असं ती म्हणायची. हे सगळं माहीत असून मी छोटी लेन्स लिंडसेच्या शेडमध्ये ठेवली.

"आणि माझा फोटो?"

"याच लेन्सने काढतो गं. मी जरा लांब जाईन, एवढंच."

"जाशील रे, जाशील. तेवढं तुला बरं जमतं," ती म्हणाली. मी मूर्खासारखा हसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोपट आला. मी पाच रोल संपवले. ग्लेनिस शेजारी दोन तास मुकाट बसून होती, मधूनमधून मला चहा ओतून देत. मग म्हणाली, "झालं तुझं? आता माझी पाळी. पाय चालतायत तोवर घे."

तिला एका लाकडी खांबाला धरून उभं केलं आणि मी मागे सरकू लागलो. दहा पावलांवर नुसता चेहरा मावला. तीस पावलांवर कमरेपर्यंत. डोंगराचा पत्ताच नाही. खांद्यावर तोफ घेऊन, घोट्यापर्यंत चिखलात रुतत मी मागे मागे जात राहिलो. दीडशे पावलांवर ती अख्खी मावली, आणि पाठीमागे डोंगराचा एक तुकडा.

लेन्समधून ती इतकी जवळ होती, की कपाळावरचे तिचे केस हाताने बाजूला करावेसे वाटले. तिने एक हात पुढे केला. ओठ हलले.

"छान! हात तसाच ठेव," मी पुटपुटलो. तीस वर्षं पक्ष्यांकडे असंच पाहत आलो होतो. जवळ दिसतंय म्हणजे मी जवळच आहे, असं वाटायची सवय जडली होती. मी पाच वेळा बटण दाबलं. सहाव्या वेळी समोर नुसता खांब होता.

तोफ तिथेच टाकून धावलो, पण त्या चिखलात माणूस धावतो कसला! पोचलो तेव्हा ती गवतात पालथी पडली होती. दुसऱ्या दिवशी लिंडसे आला, आणि त्याने काहीही न तोलता आम्हाला विमानात घेतलं.

मुलगी तो फोटो मागते. मी खोटं सांगतो, रोल खराब झाला म्हणून. खरं तर पाचही फोटो चोख आलेत. पापण्या मोजता येतात. ओठही वाचता येतात. पाचही फोटोंत ग्लेनिस मला बोलावते आहे.