मान हलवायची नाही

आमच्या ह्यांना, म्हणजे श्यामसुंदररावांना, देवाचं नाव कानावर पडलं की मान झुकवायची सवय. इथे बंगालात, गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसात जाता-येता बसमधून दिसेल त्या देवळापुढे झुकत झुकतच ते रिटायर झाले. मी म्हणायचे, अहो, मान निखळेल एक दिवस.

मोतीबिंदू झाला तो नेमका त्यांच्या एकुलत्या एका डोळ्यात. दुसरा लहानपणी विटी लागून गेलेला. बालीगंजच्या डॉक्टर सान्यालांनी हिंदीतून समजावलं, "रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. इंजेक्शन दिलं तर डोळ्यामागे रक्तस्राव होऊ शकतो. नुसते थेंब टाकून बधिर करू. तुम्ही जागे असाल, दुखणार नाही. फक्त मान हलवायची नाही." आणि उठता उठता पुटपुटले, "दुग्गा, दुग्गा." कुठल्याही कामाला निघताना बंगाली माणूस असं दुर्गेचं नाव घेतोच. आमच्या ह्यांची हनुवटी लगेच छातीला टेकली.

आत तेवढं देवीचं नाव घेऊ नका, असं मी डॉक्टरांना विनवलं. ते हसले. "प्रयत्न करतो. पण ते तोंडातून आपोआप येतं."

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि आमची नूपुर बाहेर टीव्हीसमोर बसलो. पडद्यावर ह्यांचा डोळा परातीएवढा दिसत होता. आवाज नव्हता. बारीक हत्यार डोळ्याजवळ आलं तसा मी नूपुरचा हात करकचून धरला.

"आई, दुखतंय," ती म्हणाली. मी काही सोडला नाही. डोळा जागचा हलला नाही. आत इवलीशी लेन्स उलगडली, नीट बसली आणि पडदा काळा झाला.

डॉक्टर बाहेर आले ते कानाला हात लावूनच. "माफ करा, मॅडम. सुरुवातीलाच तोंडातून निघून गेलं. पण साहेब दगडासारखे पडून राहिले."

मी आत गेले. "अहो, ऐकू नाही का आलं तुम्हाला?"

"आलं की," हे म्हणाले. "म्हटलं, आई, जरा थांब. डोळा एकच आहे, आणि बाहेर आमची ही जीव मुठीत धरून बसलीय."

देवाला कधी ताटकळत न ठेवणारा हा माणूस माझ्यासाठी देवीला थांबवून आला होता. नूपुरसमोरच मी त्यांचा हात हातात घेऊन बसले.