चौथ्या खाचेवरचा श्वास

मित्रांनो, मी एक जुना इस्त्रीचा टेबल आहे, आणि एका सकाळी मी आजोबांना त्यांचा श्वास परत मिळवून दिला. पण असं काही घडलंच नाही, असं घरात सर्वानुमते ठरलंय. तेव्हा तुम्हीही ते ऐकलेलं नाही. मी आपला जन्मापासून सांगतो.

सुताराने माझी फळी तासली, लोहाराने पाय जोडले आणि उंची कमीजास्त करायला सहा खाचा दिल्या. आजोबांची पिठाची गिरणी होती. त्यांचे शर्ट धुऊनही थोडे पांढरेच यायचे. आजी म्हणायची, "टेबल कसला, सोनं आहे!" मग एकदा तिने माझ्यावर गरम इस्त्री ठेवली आणि शेजारणीशी बोलायला गेली. तो डाग अजून आहे. सोन्याला असं कुणी करतं का, हे मी विचारलं नाही.

पुढे बिनइस्त्रीचे कपडे आले आणि मी दारामागे उभा राहिलो. नऊ वर्षं. शिक्षा कशाची, ते कळलं नाही.

पीठ आणि विडी यांनी मिळून आजोबांच्या छातीत मुक्काम ठोकला होता. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. डॉक्टरांनी बटण एकवर ठेवायला सांगितलं. रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचा चिमटा नव्वद दाखवायचा, आणि घोळ इथेच झाला. आजोबांचा मुलगा गणिताचा मास्तर.

"नव्वदच? दहा गेले कुठे?" म्हणत त्याने बटण वर नेलं. तो शाळेत गेल्यावर आजीने, भाजीत मीठ टाकावं तसं, आणखी जरासं सरकवलं. दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही. रोज. चौथ्या दिवशी चिमट्याने अठ्ठ्याण्णव दाखवले. मास्तरने नकळत खिशातला लाल पेन काढला.

आजोबा मात्र उताणे पडून दिवसाही झोपू लागले. डोकं दुखतं म्हणाले. मग तेही म्हणेनात.

"बघ, किती शांत झोप लागलीय," आजी कौतुकाने म्हणाली.

त्याच सकाळी श्वासाचे व्यायाम शिकवणारी ताई आली. तिने आजोबांना हाका मारल्या, हलवलं, मग मशीन पाहिलं.

"हे पाचवर कुणी नेलं?"

शाळेला निघालेल्या मास्तरने आजीकडे पाहिलं, आजीने मास्तरकडे. मला वाटलं, ती मलाच विचारतेय.

"अहो, ऑक्सिजन हे औषध आहे! यांच्या छातीतली वापरलेली हवा नीट बाहेर पडत नाही. ऑक्सिजन जास्त दिला की ती आणखी साठते, माणूस गुंगतो. यांना नव्वद म्हणजे पहिला नंबर!"

तिने डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी सांगितलं तसं बटण एकवर आणलं. "आता यांना बसतं करू. पुढे रेलायला काहीतरी द्या."

जेवणाचा टेबल उंच पडला, स्टूल बुटकं. तिचं लक्ष दारामागे गेलं. "आणि तो कोण?"

मित्रांनो, नऊ वर्षांनी मला कुणीतरी 'कोण' म्हटलं!

चौथी खाच बरोबर बसली. माझ्यावर उशी ठेवून आजोबांची कोपरं टेकवली. माझा एक पाय डगमगतो, म्हणून मास्तर जमिनीवर बसला आणि त्याने तो दोन्ही हातांनी धरला. आजोबांचे खांदे हळूहळू सैल पडले. "ओठांचा चंबू करा, सावकाश सोडा," ताई म्हणत राहिली. डॉक्टर येऊन पोचेपर्यंत त्यांनी डोळे उघडले होते. त्यांनी खाली पाहिलं.

"काय मास्तर, पेपर तपासून झाला का माझा?"

मास्तरने माझा पाय जेवणाच्या वेळेपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर या विषयावर घरात कुणी अवाक्षर काढलेलं नाही. मशीनवर एक कागद चिकटलाय, मास्तरच्या अक्षरात: 'एक. हात लावू नये.' खाली आजीची सही आहे.

सबब, संबंधितांना नम्र विनंती की अर्जदारास घरगुती सामानातून वगळून वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता द्यावी. आजोबा रेललेले असताना त्यांच्या शेजारी कोणीही शर्ट पसरू नये. आणि वयोमर्यादेची अट शिथिल करून सदर आजोबांस चौथ्या खाचेवर कायमस्वरूपी नेमण्यात यावे.