मेंढपाळाची जागा

खालापूरच्या त्या शाळेत नाताळचं संगीत नाटक बसवायचं काम दरवर्षी उज्वलाबाईंच्याच गळ्यात पडायचं. का, तर त्यांना पेटी येते. घरी त्या बुद्धवंदना म्हणायच्या, शाळेत येशूजन्माची गाणी शिकवायच्या आणि दोन्हीकडे सूर काळी पाचचाच लावायच्या. त्यात यंदा मुख्याध्यापिका सिस्टरांनी नवीनच टूम काढली. कुटुंबाचा नाताळ! प्रत्येक मुलाबरोबर घरचं एक माणूस रंगमंचावर हवं. येईल त्याला घ्या, कुणाला नाही म्हणू नका.

मग काय, जत्राच भरली. बाळ येशूला बघायला येणाऱ्या तीन राजांचे पाच राजे झाले. माथेरानला घोडा चालवणारे येसाजीकाका त्यातले एक, आणि ते रोज विचारायचे, ‘‘बाई, घोडा आणू का? शांत हाय.’’ मरियम दोनदा बदलली, योसेफ तीनदा. आजूबाजूच्या कारखान्यांच्या पाळ्या जशा फिरत, तसं उज्वलाबाईंचं नाटक फिरे. त्यांनी पात्रांची नावं पेन्सिलनं लिहायला सुरुवात केली होती. फक्त एक जोडी त्यांनी पहिल्या दिवशीच शाईनं लिहिली, मेंढपाळ आणि त्याची लेक.

मेंढपाळ होता नीलेश, कुंभिवलीच्या कारखान्यातला फिटर, आणि लेक त्याची आरोही, तिसरीतली. तीन वर्षांत हा बाप शाळेच्या एकाही कार्यक्रमाला आला नव्हता. पाळीच तशी. यंदा मात्र तो हट्टाला पेटला. मोटरसायकलवर गाणं घोकायचा, रविवारी तालमीला सगळ्यांच्या आधी हजर. गळा बेताचाच, पण लेकीकडे बघून गायला लागला की उज्वलाबाईंना भाता ओढायचं भान राहत नसे. आरोहीनं तर अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलं होतं, माझे पप्पा गाणारेत.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी नीलेश विचारायला आला, ‘‘मॅडम, आमची सुट्टी साडेचारला. कार्डावर चार लिवलंय. हाफ डे टाकू का?’’

‘‘अहो, उगाच कशाला रजा घालवता?’’ उज्वलाबाई हसून म्हणाल्या. ‘‘चार म्हणजे पाच. पाहुणे कधी वेळेवर आलेत आपल्याकडे?’’

यात त्यांचं काय चुकलं? आपल्याकडे कार्डावर चार छापतात ते लोकांनी पाचला यावं म्हणूनच. बारा वर्षांत पाहुणा सव्वापाचच्या आत कधी आला नव्हता.

यंदाचा पाहुणा पावणेचारला आला. त्याला साडेपाचला कर्जतकडे क्रिकेटच्या सामन्यांचं बक्षीस वाटायचं होतं. सिस्टर तर हरखूनच गेल्या. ‘‘चला बाई, सुरू करा!’’

उज्वलाबाईंनी नीलेशला फोन लावला. घंटी वाजत राहिली. आत फोन नेऊ देत नाहीत, फाटकावरच जमा करून घेतात, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी सहा वेळा लावला. मग हाताशी होतं ते सगळं केलं. मेंढपाळाचं गाणं दुसऱ्या नंबरवर होतं, ते शेवटी ढकललं. पाचही राजांना एकेक करून यायला लावलं. स्वागतगीत दोनदा वाजवलं. पाहुण्यांनी भाषण लांबवावं म्हणून त्या मनातल्या मनात हात जोडत होत्या, तर त्या भल्या माणसानं दोन मिनिटांत आटोपलं. बाकी जन्मात कधी याला एवढं थोडक्यात सुचलं नसेल!

पडद्याआड आरोही मेंढपाळाचं घोंगडं कवटाळून उभी होती. ‘‘बाई, पप्पा आले?’’

‘‘येतीलच गं.’’

साडेचार झाले. पाहुणे घड्याळ बघू लागले. सिस्टर विंगेत आल्या. ‘‘थांबू नका. पोरीबरोबर दुसऱ्या कुणाला पाठवा. पात्रं बदलायला आपल्याला मोकळीक आहे ना?’’

होती. त्या मोकळिकीवरच तर सगळं नाटक उभं राहिलं होतं. पडदा ओढणारा शिपाई चांगो रोज तालमीला बसायचा, त्याला सगळी गाणी पाठ. उज्वलाबाईंनी आरोहीच्या हातून घोंगडं घेतलं आणि चांगोच्या खांद्यावर टाकलं. आरोही रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, निदान तेवढी पाच मिनिटं तरी गेली असती. ती शहाण्यासारखी पुढे झाली आणि गायली. छान गायली. चांगोसुद्धा सुरात गायला. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि उज्वलाबाईंना वाटलं, पेटी बंद करावी आणि इथून कुठंतरी निघून जावं.

टाळ्या ओसरत होत्या, तेवढ्यात नीलेश धापा टाकत विंगेत शिरला. कारखान्याचा निळा शर्ट, आणि वेळ जायला नको म्हणून डोक्याला मुंडासं तिथूनच बांधून आलेला.

‘‘पोचलो, मॅडम! पावणेपाचच झालेत ना? आमचा नंबर कधी हाय?’’

तो इकडे तिकडे बघू लागला. चांगो घोंगड्याची घडी घालत होता. ते बघता बघता नीलेशला कळलं.

‘‘चुकी माझी आहे,’’ उज्वलाबाई म्हणाल्या. ‘‘मीच तुम्हाला सांगितलं...’’

‘‘नाय, नाय. तुमी तरी काय करणार?’’ तो म्हणाला. ‘‘झालं ना नीट? मग बरं झालं.’’

पाहुण्यांची गाडी गेली. लोक खुर्च्या सरकवत उठले. मंडपवाल्यानं रंगमंचावर टांगलेला नाताळचा तारा उतरवायला घेतला. परत एकदा गाणं घेऊ या, असं उज्वलाबाई दोनदा मोठ्यानं म्हणाल्या, पण माईक काढून झाला होता आणि मुलं केकच्या टेबलाभोवती जमली होती. आरोहीही त्यांच्यात होती, कपडे बदलून.

नीलेश मात्र हलला नव्हता. ‘‘मॅडम,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘मी म्हणू का? तुमीच ऐका फक्त. एवढं पाठ केलंय.’’

उज्वलाबाईंनी पेटीचा भाता उघडला. तो तिथंच, विंगेत, हात बांधून उभा राहून गायला लागला.

‘‘थंडी पडली रानात, कुठं निघालीस गं लेकी?’’

पुढची ओळ आरोहीची होती. तो थांबला आणि वाट बघू लागला. उज्वलाबाईंना ती ओळ येत होती, सगळं नाटकच त्यांना येत होतं. पण ती त्यांनी म्हटली नाही. त्या नुसता सूर धरून बसल्या.

केकचा तुकडा हातात घेऊन आरोही आली. मागून मैत्रिणी बघत होत्या. तिनं बापाच्या शर्टाची बाही ओढली.

‘‘पप्पा, संपलंय ते,’’ ती कुजबुजली. ‘‘चल ना आता.’’