पाहुणचाराची शिकवणी

पाय आधी आवरायचे, हे गुलशनने वसुंधरावहिनींना पहिल्याच दिवशी सांगितलं.

"तळवा समोरच्याकडे करायचा नाही, वहिनी. तिकडे तो शिवीसारखा लागतो."

गुलशनच्या पनवेलमधल्या त्या एका खोलीत, सतरंजीवर, कोंबडीने पिल्लं घ्यावीत तसे वहिनींनी आपले पाय साडीखाली घेतले.

वहिनींचे यजमान उदयसिंह कंपनीच्या कामाने मस्कतला निघाले होते आणि तिथल्या शेठने दोघांनाही घरी जेवायला बोलावलं होतं. गुलशनने मस्कतमध्ये संसार केलेला. नवरा तिथेच वारला, तिथल्याच मातीत राहिला. ती परतली ते शाहीदला कडेवर आणि कहव्याची, तिकडच्या कॉफीची, पितळी किटली पिशवीत घेऊन. तिच्याहून चांगली शिकवणारी कोण मिळणार होती?

आणि गुलशनचंही काम अडलेलं होतं. वहिनींच्या रोडपालीच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट शाहीदने पाहून ठेवला होता. विमानतळ येणार, येणार म्हणून भाव चढत होते, तरी मालक त्यालाच द्यायला राजी होता. फक्त सोसायटीने हो म्हणायचं होतं, आणि सोसायटीचे सेक्रेटरी उदयसिंह. शाहीदचं लग्न उरणच्या जिक्राशी ठरलेलं. तिच्या घरच्यांचं म्हणणं एकच, सासूच्या उशाशी एका खोलीत आमची पोर नांदणार नाय. फ्लॅट झाला तर निकाह.

"मिटिंगमध्ये विषय घेतील हो," वहिनी म्हणायच्या. "आधी मला सांगा, शेठच्या घरातलं काही आवडलं तर?"

"जपून तारीफ करा. फार केलीत तर तो ती वस्तू तुमच्या हातात देईल. मग घेतलीत तरी लाज, नाही घेतलीत तरी लाज."

वहिनी यायच्या त्या दिवशी गुलशन सकाळपासून वेलदोडे कुटायची. कुटता कुटता तिच्या ओठांवर लग्नघरातली ओळ यायची, स्वतःचीच, जुन्या चालीवर बांधलेली:

लेकाच्या घराला गं, खिडकी उगवतीची
सून येईल उरणाची, ओंजळ भरतीची

पण कहवा कधी ओतला गेलाच नाही. "आज माझा गुरुवार." "आज चतुर्थी." "आज ॲसिडिटीने जीव खाल्लाय हो, भाभी, रिकाम्यानेच करू." मग गुलशन रिकामी किटली तिरपी करायची, वहिनी रिकामा पेला ओठांना लावायच्या आणि पुरे म्हणायला मनगटातून हलवायच्या. कहवा चुलीवर निवत राहायचा.

"अम्मी, ती बाई आपल्यातलं पाणीसुद्धा पीत नाय," शाहीद एकदा म्हणाला.

"उपास असतो तिचा."

"रोज?"

"गप बस. काम होऊ दे."

मस्कतहून आल्यावर वहिनींनी फोटो बघायला घरी बोलावलं. गुलशनने ठेवणीतला दुपट्टा काढला. जिक्राचा मामू झकेरिया बिल्डिंग बघायला म्हणून उरणहून आलेला. तोही तिच्या रिक्षातून आला आणि बाइकवरून आलेल्या शाहीदपाशी गेटवर थांबला. "गुलशनबाजी, पेढे घेऊनच उतरा," त्याने हसून सांगितलं.

वर हॉलमध्ये उदयसिंह लॅपटॉप लावून बसले होते. शेजारच्या अरुंधतीबाई सोफ्यावर होत्या. चहा आला, सगळ्यांना एकसारख्या कपांतून. गुलशनला बरं वाटलं.

"एका थाळीत जेवलो, अरुंधती!" वहिनी सांगत होत्या. "त्यांच्या बोटांना माझी बोटं लागत होती."

"आणि तुझे उपास?"

"छे गं, तिकडे कसले उपास!"

गुलशनने कपाचा कान घट्ट धरला.

"आणि एक म्हातारा आला. कहवा हातात घेतला आणि न पिता खाली ठेवला. शेठ म्हणाला, पी, तुझं काम झालं. मगच प्याला. मागणं असलं की असं करतात म्हणे. भाभी, हे तुम्ही शिकवलंच नाहीत!"

"राहिलं," गुलशन म्हणाली, आणि तिने आपला कप हळूच टीपॉयवर ठेवला.

वहिनींना कळलं. त्या टाळी वाजवून हसल्या. "अय्या! माझ्यावरच प्रयोग?"

"कसलं मागणं आहे?" अरुंधतीबाईंनी विचारलं.

"दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. माझ्या शाहीदसाठी."

"तो? त्याचं तर पाडव्यालाच ठरलं ना. मिटिंगमध्ये सगळ्यांनी हात वर केले, की त्या लोकांना..." अरुंधतीबाईंनी चहाचा घोट घेतला. "म्हणजे, मटणाचा वास, येणारीजाणारी माणसं. लोक बोलतात हो."

उदयसिंह स्क्रीनकडे बघत म्हणाले, "माझं वैयक्तिक काही नाही, भाभी. बहुमत."

पाडवा. वहिनी तिच्या खोलीत पहिल्यांदा आल्या तेव्हा पाडवा होऊन गेला होता. दारांवरच्या आंब्याच्या डहाळ्या वाळून खडखडत होत्या.

"तुम्हाला माहीत होतं, वहिनी?"

"अहो, आधी सांगितलं असतं तर तुमचं शिकवण्यात मन लागलं असतं का?" वहिनी अगदी मायेने म्हणाल्या. "घ्या, चहा निवतोय."

गुलशन उठली. कप तसाच राहिला. वहिनी दारापर्यंत आल्या, उजवा हात छातीवर ठेवून त्यांनी गुलशनने शिकवली होती तशी मान लववली. किती नेमकी, किती नाजूक! चूक काढायला जागा नव्हती.

खाली झकेरिया मान वर करून खिडक्या निरखत होता. "उजेड बेस हाय. आपली कुठली?"

"नाय दिला," गुलशन म्हणाली.

झकेरियाने मान खाली घेतली. तो चपलेने खडी सारू लागला. "राग धरू नका, बाजी. करंजा गावातलं एक स्थळ थांबलंय. त्यांचं सोताचं घर हाय."

"मामू, दुसरीकडं बघतो ना मी!" शाहीद म्हणाला.

"बघ की. पण आमची पोर कवर थांबल?"

शाहीद आईकडे वळला. "इतके दिवस तू तिला शिकवत होतीस ना? मग?"

झकेरियाला उरणची गाडी गाठायची होती. बाइकवर दोघांचीच जागा. शाहीदने किक मारली, मामूला मागे घेतलं आणि जाता जाता मान वळवून त्याला काहीतरी विनवत राहिला. बाइक लोखंड वाहणाऱ्या ट्रकांमध्ये शिरेपर्यंत त्याची वळलेली मान तिला दिसत होती.

वॉचमन केबिनमधून ओरडला, "ओ बाई, गेटात उभ्या राहू नका. मेंबरांच्या गाड्या येतात."

ती बाजूला झाली.