पंप कुठला घ्यायचा?

मंगळवारी सकाळी विदोसावाचं धुण्याचं मशीन पाणी पोटात धरून बंद पडलं. आत रादिवोयच्या तीन चादरी. ऑगस्टमध्ये अर्धांगाचा झटका आल्यापासून नवरा अंथरुणावरच होता, दिवसाला दोन-दोन चादरी बदलाव्या लागत. सर्बियातल्या झ्रेन्यानिन शहरातल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात मशीन हाच तिचा उजवा हात होता.

धाकटा दीर तिहोमिर पेचकस घेऊन आला. पोटावर झोपून त्यानं मशीनखालून पाणी बाहेर टाकणारा पंप काढला.

"मोटर जळलीय, वहिनी. बाजारात सगळ्या मशीनना बसणारा पंप मिळतो. आत्ता आणतो."

"नको. कंपनीचाच हवा."

तिनं फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "तीन आठवडे लागतील, ताई."

"तीन आठवडे? माणूस अंथरुणावर आहे माझा!"

"समजतं मला. मॉडेल नंबर सांगता?"

तिनं फोन आपटला. आतून रादिवोय हसला. जीभ जड झाली होती, पण टोमणा मारण्यापुरती चालत होती. "औषधाच्या दुकानात तीस वर्षं... लोकांना सांगायचीस ना... स्वस्त गोळीतही औषध तेच असतं म्हणून?"

"गोळीला पाइप जोडावा लागत नाही," ती म्हणाली. पण चादरी कुबट वास मारू लागल्या होत्या. "आणा भावोजी, आणा तो तुमचा."

बाजारातला पंप आला. त्याचं पाण्याचं तोंड डावीकडे, मशीनचा पाइप उजवीकडे. तिहोमिरनं पाइप पिरगळला, वर पट्टी आवळली, त्यावर चिकटपट्टी गुंडाळली.

"असं असतं का कुठे, भावोजी?"

"अहो वहिनी, सगळ्यांना बसतो म्हणजे थोडं बसवून घ्यावं लागतं!"

पहिली धुलाई नीट पार पडली. दुसऱ्या वेळी पाइप निसटला. विदोसावा रादिवोयला सूप भरवत होती, ते टाकून उठेपर्यंत पाणी मोरीतून पॅसेजमध्ये आणि तिथून लाकडी जमिनीच्या फटींत गेलं होतं. आठवड्यात फळ्या फुगल्या. दार घासायला लागलं. तिहोमिर म्हणाला, "पट्टी जरा आणखी आवळायला हवी होती." तिनं त्याला त्या दिवशी जेवायलाही थांबवलं नाही.

तिनं कंपनीचा पंप मागवला. त्यानंतरचे तीन आठवडे ती टबात वाकून चादरी धूत होती. पाठ धरली. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, साबण लागला की डोळ्यांतून पाणी यायचं. रादिवोय भिंतीकडे तोंड करून पडायचा, एकदा म्हणाला, "मी पाणी कमी पितो." त्यावर ती इतकी ओरडली की शेवटी तिचीच तिला लाज वाटली.

अखेर खोकं आलं. चकचकीत, वर कंपनीचा शिक्का. तिनं पंप मशीनला लावून पाहिला. खाचा जुळेनात. पुन्हा फोन.

"ताई, तुमच्या मॉडेलच्या शेवटी बी आहे का? हा ए-चा आहे."

"मी बीच सांगितलं होतं!"

"आमच्याकडे ए नोंदलंय. परत पाठवा, तीन आठवड्यांत..."

ह्या वेळी तिनं फोन आपटला नाही, हळूच ठेवला. राग इतका होता की आपटायलाही जोर उरला नव्हता. स्वयंपाकघरात टेबलावर तिनं तिन्ही पंप मांडले: जळलेला, बाजारातला, कंपनीचा. चष्मा लावला. औषधाच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचण्यात जन्म गेला होता, तशीच तिनं ही वाचली. तिन्ही मोटरींवर एकाच कारखान्याचं नाव. आकडेही तेच. वेगळी होती ती फक्त पुढची प्लास्टिकची बॉडी. आणि जुन्या पंपाची बॉडी तर धडधाकट होती. जळली होती ती मागची मोटर.

तिनं तीन स्क्रू काढले. जुन्या बॉडीला बाजारातली मोटर लावली. तीन स्क्रू पुन्हा आवळले. मग जमिनीवर झोपून, मान आखडेपर्यंत धडपडून, पंप मशीनमध्ये बसवला. तो खट्‌कन बसला, जणू तिथून कधी हललाच नव्हता. पाइप सरळ चढला.

तिनं कंपनीचा पंप जसा आला तसा खोक्यात परत भरला. मशीन सुरू केलं आणि समोर स्टूल टाकून बसली. पाऊण तासानं पंप घुरघुरला, नळीतून भसाभसा पाणी उतरलं. जमिनीवर एक थेंब नाही.

तिहोमिरला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "बघा! म्हटलं नव्हतं, बाजारातला चालतो म्हणून?"

"भावोजी, मोटर तेवढी बदलायची होती. दहा मिनिटांचं काम. तुम्ही अख्खा पंप कशाला बदललात?"

"तसाच विकतात ना, वहिनी."

तिनं फोन ठेवला आणि तिथंच मशीनला टेकून रडायला लागली.

"काय झालं?" आतून रादिवोय ओरडला.

"काही नाही. पाणी गेलं नीट."

"मग रडतेस कशाला?"

"महिना गेला माझा," ती म्हणाली, आणि डोळे पुसत चादरी काढायला वाकली.